करंगळीखालची स्प्रिंग

माझ्या पत्नीला टायपिंग जमत नाही, असे आमच्या साऱ्या गोतावळ्यात मानले जाई. ती स्वतःही तसेच सांगे. सांगताना हसे, डाव्या हाताची करंगळी जराशी वाकवून दाखवी, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणे, "यांना विचारा." मग बसलेले सगळे माझ्याकडे पाहत आणि मी मान हलवी.

हे मान हलवणे हाच माझा अपराध. त्याच्या मुळाशी एक उघड खोटे आहे. ते मी एकदाच बोललो, तेही एका शब्दात. पण नुसत्या मानेने पुढची सगळी वर्षे बोलत राहिलो. टायपिंग तिला उत्तम जमत होते. ते जमू नये अशी व्यवस्था मी केली. माझ्या हातांनी, घरातल्या हत्यारांनी, आणि दुरुस्तीच्या नावाखाली.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही बदलापूरला, कात्रपमध्ये दोन खोल्यांत राहत होतो: मी, पत्नी आणि माझी आई. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. टूलरूममध्ये माल निघत नाही. माल ज्यातून निघतो ते साचे तिथे घडतात. तिथे मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे बोट लावून पाहणे. दोन भाग एकमेकांत बसवले की तर्जनीने हलवून पाहायचे. किंचित जरी हलले तरी त्याला आम्ही 'प्ले' म्हणत असू, आणि प्ले असलेले काम म्हणजे वाया गेलेले काम. आमच्यावर देखरेख करणारे चार्जमन मोठ्याने कधी रागावत नसत. नुसते म्हणत, "हलतंय ना? मग घरी ने आणि पाळण्याला लाव." एवढ्यावर त्या माणसाचा दिवस संपत असे.

घट्ट ते चांगले आणि सैल ते वाईट, ही समजूत अशी माझ्या बोटांत मुरली. डोक्यात मुरलेली समजूत माणूस निदान कधीतरी तपासून पाहतो. बोटांत मुरलेली तपासायची असते, हेच मला ठाऊक नव्हते.

त्या वर्षी दिवाळीनंतर कारखान्याचे गेट बंद झाले. मालक-कामगारांच्या त्या भांडणाचा तपशील इथे नको. माझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच होता की मी रोज सकाळी डबा घेऊन गेटसमोर जाई, इतरांबरोबर उभा राही, डबा तिथेच खाई आणि परत येई. काही दिवसांनी तेही सोडले. उल्हासनगरच्या कॅम्पमध्ये बॉलपेन जुळवणारे एक छोटे वर्कशॉप होते. तिथे कधी पेन पकडून ठेवणारे एखादे फिक्श्चर नीट करून दे, कधी प्रेस मशीनचा साचा घासून दे, असे सुटे काम मिळे. उरलेला वेळ मी घरी असे. पुरुषाने दिवसाढवळ्या घरी असण्याची आमच्या बिल्डिंगला सवय नव्हती आणि मलाही नव्हती.

पत्नी मात्र कामात होती. लग्नाआधीच तिने मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली होती. उल्हासनगरच्या एका प्रेसमध्ये ती लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, हँडबिले असली कामे करायची. प्रेसचे मालक सिंधी होते. त्यांना सगळे शेठच म्हणत. शेठनी कॉम्प्युटर घेतला, त्यांचा ऑपरेटर दुसरीकडे निघून गेला, आणि ती जागा भरून काढता काढता ही ते शिकली. अक्षरांची मांडणी टाइपरायटरचीच होती, त्यामुळे बोटांना पत्ता नव्याने शोधावा लागला नाही.

फरक होता तो स्पर्शाचा. मराठीत कितीतरी अक्षरे शिफ्टचे बटण दाबून धरल्याशिवाय उमटत नाहीत, आणि ते बटण करंगळीच्या वाट्याला येते. म्हणजे हातातल्या सगळ्यांत अशक्त बोटाला सगळ्यांत जास्त राबावे लागते. टाइपरायटरवर तिची करंगळी दिवसाअखेर ठणकत असे. कॉम्प्युटरचा तो कीबोर्ड जाडजूड होता, आत लोखंडी पत्रा असलेला, पण प्रत्येक बटणाखाली वेगळी, बारीक, वापरून वापरून मऊ झालेली स्प्रिंग होती. पहिल्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "अहो, नुसतं बोट ठेवलं की अक्षर येतं. दाबावं लागतच नाही."

मी मनात म्हणालो, म्हणजे प्ले आहे.

पुढे शेठनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना टेम्पोत घालून आमच्या घरी पाठवून दिला. अट साधी होती. आमच्या बुद्धविहाराची भीमजयंतीची स्मरणिका तिने घरी बसून टाइप करायची. ती वेळेत आणि बिनचूक झाली, की प्रेसमधल्या नव्या कॉम्प्युटरची खुर्ची कायमची तिची. सामान उतरवून घेताना शेठ आईला म्हणाले, "माताजी, आपकी बहू का हाथ मक्खन है. ये किताब कर दे, फिर मैं उसको छोड़ने वाला नहीं." आईला हिंदी फारसे कळत नसे. 'छोड़ने वाला नहीं' ऐकून ती घाबरली आणि तिला समजावताना शेठचीच पंचाईत झाली.

खुर्चीपेक्षाही त्या स्मरणिकेचे मोल तिला अधिक होते. तिच्यात वस्तीतल्या वडीलधाऱ्यांचे लेख होते. धम्मदीक्षेच्या दिवसाची आठवण कुणी सांगितलेली, कुणी लिहून घेतलेली. हे शब्द आपल्या हातून छापले जाणार, याचा तिला अभिमान होता. पण तो ती बोलून दाखवत नसे. लेख टाइप करायला घेण्याआधी हात धुवून येई, एवढेच.

घराची दिशा बदलली. विहाराच्या कमिटीची माणसे लेख घेऊन येत. दारात मी असे. माझ्या खांद्यावरून आत पाहत विचारत, "ऑपरेटर मॅडम आहेत का?" मी पाणी देई. एकाने तर पाण्याचा ग्लास परत देताना आपुलकीने विचारले, "आपण मॅडमचे भाऊ का?" ती आतून खळखळून हसली. मीही हसलो. आईने नंतर त्यात भर घातली. संध्याकाळी मी चहाची वाट पाहत बसलो होतो, तर म्हणाली, "ऊठ, तूच टाक आज चहा. ती अक्षरं टाकतेय."

ही सगळी थट्टाच होती, आणि थट्टेत कुणाचेही मन कडू नव्हते. कडू होते ते माझे. गेटबाहेर उभे राहून आलेला चिडचिडेपणा मी घरी आणत होतो आणि त्याला ठेवायला जागा शोधत होतो.

एका सकाळी ती प्रूफे घेऊन उल्हासनगरला निघाली होती. चप्पल घालता घालता म्हणाली, "अहो, 'र'चं बटण दाबलं की मध्येच अडकतं. वर येत नाही. जरा बघता का? एवढंच."

एवढंच, असे ती म्हणाली होती. मी ते ऐकले होते.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी कीबोर्ड उघडला. वाकवलेल्या तारेने बटणाची टोपी निघाली. खाली प्लास्टिकची दांडी, दांडीखाली केसाएवढ्या तारेची स्प्रिंग आणि बाजूला पितळी पात. ही 'र'ची स्प्रिंग दबून बसली होती. पेनच्या वर्कशॉपमधून आणलेल्या रिजेक्ट स्प्रिंगांची पुडी माझ्या हत्यारांच्या पेटीत होती. रिफिलवर बसते तीच स्प्रिंग. तिचे वेढे मोजून कापले, टोक घासले, बसवली. दाबून पाहिले. बटण खणखणीत वर आले. कितीतरी महिन्यांनी माझ्या बोटाला आपल्या कामाची ओळख पटल्यासारखे झाले.

तिथे थांबायला हवे होते. पण त्या एका घट्ट बटणाशेजारची बाकीची सगळी बटणे मला आता ढिली लागू लागली. 'क' ढिला, 'त' ढिला, शिफ्ट तर हाताला लागतच नव्हते. हे असे काम मी टूलरूममधून बाहेर सोडले असते का? नसते. मी दुसरे बटण उघडले, मग तिसरे. दुपारपर्यंत सगळा कीबोर्ड नव्या स्प्रिंगांचा झाला. शिफ्टसाठी तर मी मुद्दाम जाड तारेची निवडून घेतली. सगळ्यांत जास्त वापर तिचा, तेव्हा ती मजबूत हवी, असा माझा हिशेब. जुन्या स्प्रिंगा हिंगाच्या एका रिकाम्या डबीत भरून ठेवल्या.

मग मी तपासणी केली. तर्जनीने प्रत्येक बटण एकदा दाबले. दाबले, वर आले. पुढचे दाबले, वर आले. सगळे पास. आज ती तपासणी आठवली की मला स्वतःची कीव येते. साचा एकदा दाबून पाहायचा असतो. कीबोर्डवर माणूस पानामागून पान लिहितो, आणि तर्जनीने नव्हे, करंगळीने. हे कळायला शिक्षण लागत नव्हते. तिला एकदा विचारले असते तरी पुरले असते.

ती परत आली, हात धुऊन बसली. दोन ओळी झाल्या आणि थांबली.

"अहो, हे काय केलंत?"

"दुरुस्त केला. सगळाच. एकच काय करायचं?"

"बटणं जड झालीत."

"जड नाही, टाइट झालीत. फिटिंग असंच असतं. आधीचं ढिलं होतं."

"मला आधीचंच बरं होतं," ती म्हणाली. माझा चेहरा पाहून लगेच पुढे म्हणाली, "होईल सवय."

सवय झाली नाही. पहिल्या दिवशी तिची पाने नेहमीपेक्षा कमी झाली. दुसऱ्या दिवशी शिफ्ट पुरते दाबले न गेल्याने भलतीच अक्षरे उमटू लागली. शब्द टाइप करायचा, पुसायचा, पुन्हा करायचा. आठवडाभरात डाव्या करंगळीचे पेर सुजले. आई तिला रात्रीच्या जेवणाआधी कोमट पाण्यात हात धरायला लावी आणि माझ्याकडे न पाहता बोले, "एवढं कसलं बाई ते दुरुस्त केलंय, की माणूसच नादुरुस्त झालं."

आता ते हलके करायचे, असे मी ठरवले. आणि तिथून माझ्या फजितीचे दिवस सुरू झाले. स्प्रिंग ही हट्टी वस्तू आहे. कापली की आखूड होते, पण हलकी होत नाही. उरलेले वेढे उलट अधिक कडक वागतात. एक वेढा कमी केला तर बटण वरून पोकळ आणि खाली दगडासारखे लागे. दोन कमी केले तर वरच येईना. तापवून नरम कराव्यात म्हणून काही स्प्रिंगा सांडशीत धरून गॅसवर धरल्या, तर त्यांच्यातला जीवच गेला; त्या दबल्या त्या दबूनच राहिल्या. आई मागून म्हणाली, "आता थोडं तेल घाल, मोहरी टाक." मी शिवणयंत्राचे तेल घातले, फोडणीला नव्हे, बटणांच्या दांड्यांना. एक दिवस सगळे लोण्यासारखे चालले. दुसऱ्या दिवशी समोरच्या बांधकामाची धूळ त्या तेलावर बसली आणि बटणे चिकटू लागली. रॉकेलने धुतले, तर काही टोप्यांवरची अक्षरे फिकी झाली. नळाच्या वायसरसारख्या रबराच्या चकत्या कापून टोप्यांखाली घातल्या. आवाज कमी झाला, पण बटण कुठे लागले आणि कुठे नाही हे बोटाला कळेनासे झाले. एक बटण जमले की शेजारचे त्याच्याहून वेगळे लागे. त्याला याच्यासारखे करायला जावे, तर हेही बिघडे.

टूलरूममध्ये असे कधी झाले नव्हते. तिथे ड्रॉइंग होते, माप होते, आणि चुकले तर कुठे चुकले ते सांगणारा माणूस होता. इथे माप एकच होते, तिचे बोट. आणि नेमके तेच माप मानायला मी तयार नव्हतो. ती म्हणे, "अजून जड आहे." मी स्वतः दाबून पाही आणि म्हणे, "काही जड नाही." मी दिवसभर पान्हा, पकड धरलेल्या हाताने तिच्या करंगळीचा निकाल देत होतो. माझा प्रत्येक प्रयत्न फसला की माझा आवाज आणखी हळू आणि आणखी कठोर होई. एकदा मी म्हणालो, "कीबोर्डमध्ये दोष नाही. तुझा हातच मुळात नाजूक आहे."

ती आपला हात पालथा करून पाहत राहिली, जणू तो तिने कुणाकडून उसना आणला होता.

आता ज्या क्षणासाठी हे सगळे लिहायला घेतले, त्या क्षणापाशी येतो. जयंती जवळ आली होती. निम्मी स्मरणिका व्हायची होती. दुपारी आई शेजारी गेली होती. पत्नी टेबलाशी बसूनच, मागे न वळता म्हणाली, "अहो, त्या जुन्या स्प्रिंगा आहेत का हो? त्याच परत घाला. त्या 'र'चं मी बघीन कसंतरी."

जुन्या स्प्रिंगा होत्या. तिच्या डोक्याच्या वरच, कपाटावर, हिंगाच्या डबीत. हात वर केला असता तर डबी हाताला लागली असती. संध्याकाळपर्यंत कीबोर्ड पहिल्यासारखा झाला असता.

मी म्हणालो, "फेकल्या."

ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा टाइप करू लागली.

मी का खोटे बोललो, याची बरीच उत्तरे मी स्वतःला आजवर दिली आहेत. त्यातले सभ्य उत्तर असे, की जुन्या स्प्रिंगा परत घालणे म्हणजे माझी दुरुस्ती चूक होती हे कबूल करणे. कारखान्याने बाहेर ठेवलेल्या माणसाकडे आपल्या हाताच्या कसबाखेरीज दुसरे काही उरले नव्हते, आणि तेही खोटे ठरलेले मला सोसले नसते. हे उत्तर खरे आहे. पण पुरे नाही. तिची गती मंदावली तसे कमिटीची माणसे कमी येऊ लागली होती. चहा पुन्हा तिच्या हातचा मिळू लागला होता. दारात कुणी माझ्या खांद्यावरून आत पाहत नव्हते. मला ते बरे वाटत होते. तिची करंगळी सुजलेली दिसत असताना मला बरे वाटत होते. हे वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला आहे.

स्मरणिका तिच्याने पुरी झाली नाही. उरलेला मजकूर कल्याणच्या एका दुकानात गेला आणि शेठ टेम्पो घेऊन कॉम्प्युटर परत न्यायला आले. माणूस रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. वायरी काढण्याआधी त्यांनी सहज दोन-चार बटणे दाबली, थांबले, शिफ्ट दाबले.

"अरे! इसमें किसने पत्थर भर दिए?"

मी उभा होतो. शेठनी माझ्याकडे पाहिले. "मिस्त्री, तूने खोला था क्या इसको?"

माझ्या तोंडून काही निघण्याआधी ती पुढे आली. "नाही शेठ, कीबोर्ड ठीक आहे. माझाच हात बसला नाही. माझ्या हाताला नाही जमत हे काम."

"क्या बात करती है बाई? तेरे हाथ को नहीं जमता?"

"नाही जमत," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "यांना विचारा."

मी मान हलवली. ती पहिली वेळ.

परक्या माणसासमोर नवऱ्याचा हात खोटा पडू नये, म्हणून तिने स्वतःचा हात खोटा पाडला होता. शेठ जाईपर्यंत पुरेल एवढेच ते झाकण होते. मी ते त्याच संध्याकाळी काढायला हवे होते. काढले नाही. शेठनी जाताना दारात पुन्हा एकदा मागे वळून तिच्या हातांकडे पाहिले, ते मला अजून दिसते.

जयंतीला विहारात स्मरणिका वाटली गेली. तिने घरी आणून ती पाटावर ठेवून उघडली. निम्म्या पुस्तकापर्यंत अक्षर एका वळणाचे आहे, गोल, मोकळे. मग एका लेखाच्या मध्येच, वाक्य अर्धे असताना, ते बदलते आणि शेवटपर्यंत वेगळे राहते. ज्या आजोबांनी तो लेख सांगितला होता, ते विहारात तिला म्हणाले होते, "पोरी, माझं बोलणं मधेच दुसऱ्याच्या तोंडी गेल्यासारखं वाटतंय बघ." त्या ओळीवर तिने बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही.

प्रेसची खुर्ची दुसऱ्या मुलीला मिळाली. पावसाळ्यानंतर आमचे गेट उघडले आणि मी कामावर गेलो. तिने बालवाडीत शिकवायला सुरुवात केली, आणि चांगली शिकवली. पुढे बालवाडीला कॉम्प्युटर आला तेव्हा तिने आपणहून ते काम दुसरीकडे दिले. "माझ्या हाताला नाही जमत ते. यांना विचारा." मोबाइल आले. घरातले सगळे संदेश लिहीत. ती बोलून पाठवी. सुरुवातीला त्या वाक्याच्या मागे ती मला झाकत होती. कधीतरी, नेमके कधी ते मला ठाऊक नाही, झाकणे ती विसरली आणि वाक्य तेवढे उरले. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. तो विश्वास दृढ व्हायला दर वेळी माझी मान उपयोगी पडली.

हिंगाची डबी बरीच वर्षे माझ्या हत्यारांच्या पेटीत होती. कधी उघडून पाहिली नाही, पण पेटी उचलली की ती आत वाजे. आम्ही खरवईकडे राहायला आलो त्या धावपळीत ती कुठे गेली कोण जाणे. हरवली हे लक्षात आले तेव्हा मला आधी हलके वाटले. मग कळले, की आता परत द्यायलाही काही उरले नाही. फक्त बोलता येईल.

तरीही मी लवकर बोललो नाही. मध्ये बऱ्याच संधी आल्या. एकदा तिला ताप होता आणि मी उशाशी बसलो होतो. एकदा आम्ही दोघेच कोंडेश्वरला गेलो होतो. आई गेली त्यानंतर कितीतरी संध्याकाळी घरात आम्हीच असू. प्रत्येक वेळी मी मनात वाक्य जुळवी, आणि प्रत्येक वेळी ते मला फार घट्ट किंवा फार सैल वाटे.

गेल्या हिवाळ्यात विहाराच्या महिला मंडळाच्या दोघीजणी घरी आल्या. जयभीम झाला, पाणी झाले. थोरली म्हणाली, "ताई, यंदा सेक्रेटरी तुम्हीच. सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलंय. आणि जुन्या माणसांच्या आठवणींचं पुस्तक काढायचंय, ते तुमच्याशिवाय कुणाच्याने व्हायचं?"

तिचा चेहरा क्षणभर उजळला. हात धुऊन टेबलाशी बसणारी ती मला इतक्या वर्षांनी एकदम दिसली. मग तिने पदर सावरला.

"अगं छे! त्यात टायपिंग आलं, कॉम्प्युटर आला. मला कुठलं जमतंय?"

"शिकवू की आम्ही."

"शिकून झालंय बाई माझं. घरात आलेला कॉम्प्युटर परत पाठवलाय मी. ही करंगळी आहे ना, हिच्यात दमच नाही." तिने करंगळी वाकवून दाखवली. दोघी हसल्या. "खोटं वाटतं? यांना विचारा."

तिघींनी माझ्याकडे पाहिले.

मान हलण्याच्या बेतात होती. सवय म्हणजे काय हे मला त्या घटकेला कळले. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणालो, "नाही. हिला जमत होतं."

"अहो," ती पटकन म्हणाली, "राहू द्या ना. पाहुण्या आहेत."

"त्यांच्यासमोरच बोलायचंय. तू शेठसमोर मला झाकलंस. आज झाकू नकोस." मी त्या दोघींकडे वळलो. "तिच्या हातात दोष नव्हता. कीबोर्ड मी जड केला होता, एक बटण बघायला सांगितलं असताना सगळा. एवढं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. तू जुन्या स्प्रिंगा मागितल्यास तेव्हा मी फेकल्या म्हणालो. फेकल्या नव्हत्या. कपाटावर होत्या, हिंगाच्या डबीत, तुझ्या डोक्यावर. मी त्या दिल्या नाहीत, कारण तू मागे पडत होतीस आणि मला ते बरं वाटत होतं. नंतर दर वेळी तू 'यांना विचारा' म्हणालीस आणि मी मान हलवली. माझं चुकलं. तुझी करंगळी कधीच कमी पडली नव्हती. मला माफ कर."